घोड्याचं स्केच फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा फुगतंय? आधी चित्राची मागची बाजू बघा

पेन्सिलनं काढलेला घोडा, वर जलरंगाचा हलका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर. फ्रेम करून भिंतीवर लावला तेव्हा काचेमागे कागद अगदी सपाट होता. दोन-चार महिन्यांनी संध्याकाळी दिवा लागल्यावर सहज नजर गेली, तर पोटाखाली फुगवटा, पायांच्या मधून खाली उतरणाऱ्या दोन लाटा, आणि मागच्या कोऱ्या जागेवर सावल्यांचे पट्टे. फ्रेम उघडली, चित्र जड पुस्तकांखाली आठवडाभर दाबलं, परत लावलं. पुढचे दमट दिवस आले आणि लाटा त्याच जागी हजर.

ज्यांच्याकडे हे दुखणं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. माझ्याकडचं एका कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोड्याचं चित्र मी असं तीनदा सपाट केलं आणि तिन्ही वेळा ते पुन्हा फुगलं. चौथ्यांदा उघडलं तेव्हा कुठे मी चित्र पालथं घालून नीट बघितलं. चारही कडांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटपट्टी मारलेली होती. फ्रेम करणाऱ्यानं मन लावून, कुठेही फट न ठेवता ती मारली होती आणि त्याचं बघून मीही दर वेळी तशीच मारत आले होते. वाढायला कागदाला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. हवेतली ओल वाढली की ते फुगतात, हवा कोरडी झाली की आकसतात. तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत वाढतो. त्यामुळे बहुतेक तंतू ज्या दिशेला पडलेले असतात, तिला आडव्या दिशेनं कागद जास्त पसरतो. ही वाढ डोळ्यांना कळत नाही, पण कागदावर मांडून बघा. ५६ सेंटिमीटर रुंदीचा ताव फक्त ०.१ टक्का वाढला तर वाढ होते जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन्ही कडा पक्क्या चिकटवलेल्या असतील तर या वाढीला एकच वाट उरते: कागद मधून उचलला जातो. एकाच कमानीत उचलला गेला तर त्या कमानीची उंची साधारण १ सेंटिमीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरचा १ सेंटिमीटर! पण काच आणि कागद यांच्यात जागा असते ती माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या जाडीएवढी, दीड मिलिमीटरच्या आसपास. एवढी मोठी कमान तिथे मावत नाही, म्हणून तिच्या सात-आठ लहान लाटा होतात. भिंतीवर दिसतात त्या याच.

जड पुस्तकांचा उपाय का टिकत नाही तेही यातूनच कळतं. दाबून कागद त्या दिवशीच्या हवेपुरता सपाट होतो. परत चारही बाजूंनी बांधला की पुढच्या दमट आठवड्यात तोच अर्धा मिलिमीटर वाट शोधायला लागतो.

घोड्याच्या चित्रांत हे जास्त खुपतं. निसर्गचित्रात रंग तावभर पसरलेला असतो, ओल सगळीकडे सारखी लागते, आणि थोड्या लाटा आल्या तरी झाडाझुडपांत लपून जातात. घोड्याच्या स्केचमध्ये वॉश पडतो धडावर, मानेवर, मागच्या फऱ्यांवर. भोवतीचा कागद कोरडाच राहतो. मधला भिजलेला भाग पसरायला बघतो, कडेचा कोरडा भाग त्याला धरून ठेवतो, आणि वाळताना ही ओढाताण कागदात तशीच बसून जाते. म्हणजे पोटाखालचा फुगवटा पुष्कळदा फ्रेमच्या आधीचा, टेबलावरच जन्मलेला असतो. त्यात भोवतीची कोरी जागा, जी या चित्रांची खरी शोभा, तीच प्रत्येक सावली उघडी पाडते.

लाट कुठली आहे ते ओळखा

फ्रेम उघडायच्या आधी हे करा. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च चित्राच्या एका बाजूनं, भिंतीला जवळपास समांतर धरा. तिरप्या उजेडात लाटांची दिशा स्पष्ट दिसते. फोटो काढा. हवा वेगळी असेल अशा दिवशी, टॉर्च त्याच जागी धरून दुसरा फोटो काढा. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही दोन फोटोंची तुलना सर्वांत मोलाची आहे. दमट दिवशी लाटा वाढतात आणि कोरड्या दिवशी उतरतात, तर कागद कुठेतरी बांधला गेलाय. दोन्ही दिवशी लाट जशीच्या तशी असेल, तर ती रंगवतानाच कागदात बसलेली आहे आणि फ्रेमचा तिच्यात दोष नाही.

लाटा कडेपासून सुरू होऊन मध्यभागी विरत असतील तर कडा चिकटवलेल्या आहेत असं धरून चाला. वरच्या दोन ठिकाणांहून तिरप्या चुण्या निघत असतील तर तिथे लावलेली पट्टी फार जाड किंवा फार ताणून लावलेली आहे. कडा सपाट आणि फक्त घोड्याच्या अंगाखाली फुगवटा असेल तर तो वॉशचा. आणि माउंटसकट सगळंच पुढे झुकलं असेल तर पुठ्ठे फ्रेमच्या खाचेत कोंबून बसवलेत. लाकडी चौकट आणि आतले पुठ्ठे यांच्यात चहूबाजूंनी २-३ मिलिमीटर मोकळीक लागते. ती नसेल तर चित्र कितीही चांगलं टांगलं तरी उपयोग नाही, कारण मग माउंटच वाकतो आणि चित्राला सोबत घेऊन जातो.

चित्र मोकळं करणं

काच खाली येईल अशी फ्रेम पालथी ठेवा, मागचे खिळे किंवा पिना काढा, माउंट आणि चित्र एकत्र उचला. चित्र काचेला चिकटलेलं वाटलं तर तिथेच थांबा. ओढू नका. ओल धरून रंगातला डिंक काचेला चिकटलेला असतो आणि ओढलं की रंगाचा थर काचेवरच राहतो. हे काम कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाचं आहे.

चिकटपट्टीचंही तसंच. पट्टी पाणी लावून चिकटवतात त्या कागदी प्रकारची असेल तर ओलसर कापूस पट्टीवरच, कागदाला पाणी न लागू देता, थोडा वेळ ठेवला की सुटते. पारदर्शक प्लॅस्टिकची किंवा मास्किंग टेप मात्र कागदाचे तंतू सोबत घेऊन निघते. पट्टी चित्राच्या मोकळ्या कडेवर असेल आणि ती कड माउंटखाली झाकली जाणार असेल तर मी पट्टी सोलत बसत नाही. पट्टी आणि पुठ्ठा यांच्या सांध्यावर धारदार पाते फिरवून चित्र सोडवते आणि कागदावरचा तुकडा तूर्त राहू देते. त्या टेपचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात उतरतो, त्यामुळे हा कायमचा इलाज नाही. पण घाईनं सोलताना फाटलेल्या कडेपेक्षा तो बरा.

आता सपाट करणं. इस्त्री नको, समोरून पाण्याचा फवारा नको. एक पसरट झाकणाचा डबा घ्या, तळाला ओलसर टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर चित्र रंगाची बाजू वर करून. पाणी चित्राला कुठेही लागता कामा नये, फक्त दमट हवा लागली पाहिजे. झाकण लावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी बघत राहा. अर्ध्या-एक तासात कागद मऊ पडतो, हातात धरला की कडकपणा जाणवत नाही. मग तो दोन कोरड्या टिपकागदांच्या मध्ये ठेवा. पेन्सिलच्या बाजूला आधी पातळ, गुळगुळीत, काहीही न छापलेला कागद घाला. वर सपाट फळी, फळीवर सगळीकडे सारखं वजन. ठेवताना आणि काढताना काहीही सरकवायचं नाही, सरळ खाली ठेवायचं, सरळ वर उचलायचं. ग्रॅफाइट दाबाला घाबरत नाही, घासण्याला घाबरतं. अर्ध्या तासानं टिपकागद बदला, दोन तासांनी पुन्हा, मग रोज एकदा. आठवडाभर तसंच ठेवा. तीन दिवसांत काढलेलं चित्र सपाट दिसतं आणि आत ओल धरून असतं. काढण्याआधी हाताची पालथी बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

ही रीत पेन्सिल आणि जलरंगासाठी आहे. चित्रात शाईची सही असेल तर ती ओलीनं फुटते का हे कडेच्या एखाद्या ठिपक्यावर आधी तपासा. कोळसा किंवा पेस्टल असेल तर हा उपाय करू नका. चित्र जुनं किंवा मोलाचं असेल तरीही नको.

परत बसवताना: वरून दोन, बाकी मोकळं

सगळ्या पोस्टमध्ये एवढीच एक गोष्ट केलीत तरी बहुतेक चित्रांचं दुखणं थांबेल. चित्र वरच्या कडेवर दोनच ठिकाणी टांगायचं. खालची आणि दोन्ही बाजूंच्या कडा पूर्ण मोकळ्या ठेवायच्या. ओल आली की कागद खाली आणि बाजूंना पसरेल, हवा सुकली की परत येईल. टांगलेल्या कापडासारखा.

यासाठी जपानी कागदाच्या पट्ट्या वापरतात. हा कागद लांब तंतूंचा, पातळ पण चिवट असतो. पट्टी कात्रीनं कापण्याऐवजी ओलसर रेघ मारून फाडली तर कडेला तंतू मोकळे राहतात आणि समोरून तिचा उठाव दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ. खळ घट्ट हवी, पातळ झाली की तिच्यातलं पाणीच नवीन चुणी पाडतं. ही खळ कितीही वर्षांनी पाण्यानं सुटते, म्हणूनच संवर्धनाच्या कामात तिला पहिली पसंती.

पट्टी सुमारे ३ सेंटिमीटर रुंद घ्या. तिचा खालचा भाग चित्राच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेवर, फक्त ५-६ मिलिमीटर चिकटवा. बाकीची पट्टी वर मोकळी राहील. टिपकागद आणि वजन ठेवून अर्धा तास वाळू द्या. मग चित्र मागच्या पुठ्ठ्यावर जागेवर ठेवा आणि वर आलेल्या पट्टीवर दुसरी आडवी पट्टी लावून ती पुठ्ठ्याला धरा. समोरून बघितलं तर इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो. आडवी पट्टी चित्राच्या कडेला अगदी भिडवू नका, दोनेक मिलिमीटर अंतर सोडा, म्हणजे चित्र हलकंसं हलू शकेल. दोन्ही पट्ट्या कोपऱ्यांपासून थोड्या आत असाव्यात.

पट्टी चित्राच्या कागदापेक्षा कमजोर असली पाहिजे. फ्रेम पडली तर फाटायची ती पट्टी, चित्र नव्हे. मजबुतीच्या हौसेनं जाड पट्टी लावली की पडल्यावर चित्राची वरची कडच ओरबाडून निघते.

खळ शिजवणं जमत नसेल तर चार कोपऱ्यांना कागदाच्या घडीचे त्रिकोणी खिसे करून, ते खिसे पुठ्ठ्याला चिकटवून चित्र त्यांत बसवता येतं. जुन्या फोटो अल्बममध्ये असायचे तसे. चित्राला गोंद लागतच नाही. खिशात एक-दोन मिलिमीटरची ढील ठेवा आणि माउंटची कड खिसे झाकेल एवढी रुंद घ्या. लहान आकारासाठी हा उपाय उत्तम आहे. मोठा ताव मात्र खिशांत मधून लोंबतो.

स्केचसाठी मला मनापासून आवडतो तो तरंगता माउंट. चित्राच्या चारही कडा झाकायच्या नाहीत, पट्ट्या मागे लपवायच्या, आणि काच दूर राहावी म्हणून फ्रेमच्या आतल्या कडेनं ५-६ मिलिमीटरची पट्टी बसवायची. हातकागदाची दातेरी कड दिसते, कागद थोडासा वळला तरी तो कागदाचाच स्वभाव वाटतो, दोष वाटत नाही. घोड्याच्या चौखूर उधळलेल्या पायांना कुठेही चौकट छाटत नाही, हा आणखी एक फायदा. नेहमीचा माउंट घेणार असाल तर घोडा ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जास्त मोकळी जागा सोडा. नाक चौकटीला टेकलेला घोडा भिंतीवर कायम अडकल्यासारखा दिसतो.

टेबलावरच जन्मलेला फुगवटा

दोन्ही फोटोंत लाट तशीच असेल तर पुढच्या चित्रापासून काम वेगळ्या रीतीनं करावं लागेल. झालेल्या चित्राची लाट दमट डब्याच्या उपायानं बरीच उतरते, पण खूप भिजवलेल्या पातळ कागदाची पूर्ण जात नाही.

जलरंगाचा कागद १९०, ३०० आणि ६४० ग्रॅमचा मिळतो. ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ६४० ग्रॅमचा कागद ताणावा लागत नाही. ३०० ग्रॅमचा हलक्या वॉशला टिकतो, पण धडभर ओला वॉश द्यायचा असेल तर ताणून घ्यावा. १९० ग्रॅमचा ताणल्याशिवाय वापरूच नये. ताणणं म्हणजे संपूर्ण ताव भिजवायचा, फळीवर पसरायचा, पाण्यानं चिकटणाऱ्या तपकिरी कागदी पट्टीनं चारही कडा बांधायच्या आणि आडवा ठेवून आपोआप वाळू द्यायचा. हीटरसमोर धरला की एक बाजू आधी आकसते आणि पट्टी सुटते. कडा बांधायच्या त्या इथे, फळीवर. रंग पूर्ण वाळल्यावर कापून काढायचा आणि मग पुन्हा कधी बांधायचा नाही.

स्केचबुकच्या पातळ कागदावर पेन्सिलचं काम सुंदर झालं म्हणून त्यावरच वॉश टाकायचा मोह होतो. मलाही झालेला आहे. त्या चित्रांना मी आता रंग लावत नाही, नुसत्या पेन्सिलचीच फ्रेम करते.

पाय डागाळतात, अंग मळकट दिसतं

लाटांच्या खालोखाल ही तक्रार येते. वॉश दिल्यावर घोड्याचे पाय काळपट डागाळतात, बाकी अंगावर मात्र रंग स्वच्छ असतो. दोष रंगाचा नसतो, खोडरबराचा असतो. घोड्याचं धड एका झटक्यात जमतं, पाय जमत नाहीत. गुडघा वर जातो, खूर मोठा होतो, मागच्या पायाचा कोन चुकतो, आणि आपण तिथेच चार-पाचदा खोडतो. जलरंगाच्या कागदावर जिलेटिन किंवा तशाच पदार्थाचा थर दिलेला असतो, तो पाणी वर धरून ठेवतो. खोडून खोडून हा थर निघतो आणि तेवढ्या जागी कागद टिपकागदासारखा रंग पितो. पायांवरचे डाग ते हेच, आणि एकदा पडले की पुसले जात नाहीत.

उपाय सोपा आहे, फक्त सवय बदलावी लागते. झगडा साध्या कागदावर करा. तिथे हवं तेवढं खोडा, पाय जमले की खिडकीच्या काचेवर किंवा दिव्याच्या पेटीवर धरून चांगल्या कागदावर एकदाच हलक्या हातानं उतरवा. १७५६ च्या सुमारास जॉर्ज स्टब्ज हा इंग्रज चित्रकार दीड वर्ष घोड्यांची शवविच्छेदनं करत, थरामागून थर उलगडत त्यांची रेखाचित्रं काढत होता. इतक्या अभ्यासाचा विषय आपल्याला पहिल्या फटक्यात जमावा अशी अपेक्षाच चुकीची.

मळकटपणाचं कारण वेगळं. मऊ पेन्सिलची, ४बी-६बीची सुटी भुकटी कागदावर असते, ब्रश फिरला की ती रंगात मिसळते. पिवळसर रंगात ती सर्वांत वाईट दिसते, कारण पिवळा आणि ग्रॅफाइट मिळून हिरवट छटा येते. समंद, म्हणजे पिवळसर घोड्याच्या अंगावर ही हिरवट झाक लगेच उघडी पडते. नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्या घोड्याला तीच करडी भुकटी सावलीसाठी चालून जाते. खालची रेघ एचबी किंवा बीनं हलकी ठेवा, २एच नको, ती कागदाला चर पाडते आणि चरात रंग साचून रेघ जाड होते. वॉशच्या आधी मळता येणारा खोडरबर रेघेवरून नुसता लाटण्यासारखा फिरवा, घासू नका, भुकटी उचलली जाते. मग मोठा, मऊ ब्रश, एकच फटका, आणि ओल्यावर परत जायचं नाही. आयाळीचे केस, डोळ्याची कड, नाकपुडीतली गडद जागा ही मऊ पेन्सिलची कामं वॉश खडखडीत वाळल्यावर करा. वॉशखाली गेलेली रेघ रंगातल्या डिंकानं बांधली जाते, ती नंतर नीट खोडता येत नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

भुकटी बसवायला वॉशच्या आधी फिक्सेटिव्हचा फवारा मारू नका. फवारा जिथे दाट पडतो तिथे पाणी बसत नाही आणि अंगावर चट्टे उठतात. आणि पेन्सिल पाण्यात विरघळणारी तर नाही ना, एवढं तिच्यावरचं नाव वाचून खात्री करा.

रंग उडाला, रेघ राहिली

ग्रॅफाइट हा कार्बन आहे, उजेडानं तो फिका पडत नाही. त्यामुळे वॉश उडाला की काही वर्षांनी भिंतीवर फक्त पेन्सिलचा घोडा उरतो. खात्री करायची तर माउंटखाली झाकलेल्या कडेवरचा रंग आणि उघडा रंग शेजारी शेजारी बघा.

घोड्यांच्या रंगांत दोन नावं जपून वापरण्यासारखी आहेत: खरा व्हॅन डाइक ब्राउन, ट्यूबवर एनबीआर ८ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला, आणि अलिझरिन क्रिमझन, पीआर ८३. दोन्ही उजेडात टिकत नाहीत. कुमैताच्या अंगाला बर्न्ट सिएना, पीबीआर ७, पुरेसा आहे. त्यातच अल्ट्रामरीन, पीबी २९, मिसळला की आयाळीसाठी आणि पायांसाठी जिवंत काळपट रंग मिळतो. दोन्ही टिकाऊ आहेत.

कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). थेट ऊन १ लाख लक्सपर्यंत जातं. रंगाची हानी उजेड आणि वेळ यांच्या गुणाकारानं होते असं धरलं, तर उन्हाचा एक तास म्हणजे ५० लक्सचे २,००० तास. खिडकीतून रोज अर्धा तास ऊन येणारी भिंत घोड्याला देऊ नका, काच अतिनील किरणं अडवणारी असली तरीही. दिसणारा उजेडही रंग उडवतो. १८८८ मध्ये रसेल आणि ॲबनी या इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचे प्रयोग केले तेव्हा ओल आणि हवा काढून घेतलेल्या नळ्यांत बहुतेक रंग टिकून राहिलेले आढळले. म्हणजे जी ओल कागद फुगवते तीच उजेडाला रंग उडवायला हात देते. तीन घोड्यांची मालिका लावली असेल आणि एकच खिडकीजवळ असेल तर दर काही महिन्यांनी जागा बदला, निदान तिघं एकसारखे जुने होतील.

माउंटच्या खिडकीलगत तपकिरी रेघ उमटली असेल तर माउंटचा पुठ्ठा आम्लयुक्त आहे. ती रेघ निघत नाही, निघावी म्हणून ब्लीच लावू नका. पुठ्ठा बदला, सुती लगद्याचा, आम्लमुक्त घ्या. मागे एमडीएफ किंवा हार्डबोर्ड असेल तर चित्र आणि त्याच्या मध्ये असाच एक पुठ्ठा घाला. वर्तमानपत्र मागे घालण्याची सवय सोडून द्या.

भिंत

बाहेरच्या गार भिंतीवर, न्हाणीघराच्या पाठभिंतीवर कागदाचं चित्र लावू नये. दुसरी जागाच नसेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ५ मिलिमीटर जाडीचे बुचाचे किंवा नमद्याचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळेल. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर कागद खूश असतो. ७० टक्क्यांवर बरेच दिवस गेली की बुरशीची भीती. रंगवल्या रंगवल्या फ्रेम करायची घाईही इथेच नडते. वरून कोरडा लागणारा कागद आत ओल धरून असतो आणि काचेमागे ती कोंडली जाते. आठवडाभर वजनाखाली ठेवून मगच फ्रेम बंद करा.

परत लावलं की फ्रेमच्या मागे पेन्सिलनं तारीख आणि कशानं टांगलंय ते लिहा: "दोन पट्ट्या, वरून, गव्हाची खळ". पुढे जो कोणी उघडेल त्याला सोलत बसावं लागणार नाही. आणि पहिल्या दमट दिवशी टॉर्च घेऊन पुन्हा तोच फोटो काढा. माझ्या कुमैताचा काढला तेव्हा पोटाखालची पट्टेदार सावली नव्हती. खालच्या मोकळ्या कडेजवळ तेवढा एक सरळ, फिकट सावलीचा काठ होता.